लिंबाच्या लोणच्याचा मुहूर्त

“दत्ताभाऊ, लोणच्याचा मुहूर्त बारा पस्तीसचाच हाय का, का धा-पाच मिनिटं मागंपुढं चालंल?”

फोनवर शोभा होती, युसूफ वडगावच्या बचत गटाची सचिव. केजमध्ये माझी प्रिंटिंग प्रेस आहे. आयुष्यभर लग्नपत्रिका छापल्या, त्यामुळे मुहूर्त विचारणारे फोन मला नवे नाहीत. पण लोणच्याला मुहूर्त असतो हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. कसलं लोणचं, असं मी विचारलं. ती म्हणाली, लिंबाचं. आपल्याच पुस्तकात छापलंय, पान चौतीस.

आपलं पुस्तक म्हणजे आठ दिवसांपूर्वी माझ्याच मशीनवरून उतरलेलं, घरच्या आणि हंगामी पदार्थांचं पुस्तक. पाचशे प्रती. त्यातली एक टेबलावरच होती. पान चौतीस उघडलं. वर लोणच्याची कृती, खाली नावांची रांग, आणि दोन्हींच्या मधोमध ठळक अक्षरात तीन ओळी:

शुभमुहूर्त : गुरुवार, दुपारी १२ वा. ३५ मि.
स्थळ : राहत्या घरासमोर
टीप : कृपया आहेर आणू नये.

या ओळी कुठून आल्या ते मला पाहताक्षणी कळलं होतं. चूक माझीच होती.

हे पुस्तक सरवदे मॅडमचं. मॅडम जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेल्या. त्यांच्या घरी एक लोखंडी रॅक आहे आणि त्यावर फक्त स्वयंपाकाची पुस्तकं आहेत. तीही साधी नाहीत. परसात काय लावावं, कुठल्या महिन्यात काय खावं, काय वाळवावं, काय मुरवावं, बरण्या कशा उकळून घ्याव्यात, अशी. लोक पोथी वाचतात तशा त्या ही पुस्तकं वाचतात. माझ्याकडे काही छापायला आल्या की पिशवीतून एखादं पुस्तक काढायच्या आणि मशीनच्या आवाजात मला बरण्या उकळण्याबद्दल मोठ्यानं वाचून दाखवायच्या. मी लग्नात जेवणारा माणूस. मी मान हलवायचो.

त्यांची तक्रार एकच होती. या पुस्तकांत बाल्कनीतल्या कुंड्या असतात, फ्रीज असतो, पण आपल्याकडची अंबाडी नसते. वाळवलेली गवार नसते. मग त्यांनी ठरवलं की हे पुस्तक आपणच काढायचं. पर्समध्ये वजनकाटा घालून त्या दोन वर्षं युसूफ वडगावच्या बायकांच्या मागे हिंडल्या. बायका म्हणायच्या, अंदाजानं घालायचं. मॅडम तो अंदाज काट्यावर ठेवायच्या.

सगळ्यात जास्त त्यांना मिळालं ते पारूबाईंकडून. पारूबाई दरवर्षी नवऱ्याबरोबर, सुनेबरोबर ऊसतोडीला जातात. पाच-सहा महिने फडावर, म्हणजे उसाच्या रानात, पाचटाच्या खोपीत राहायचं. तिथं बाजाराला जायला सवड नसते. म्हणून निघताना एका पत्र्याच्या पेटीत त्या सहा महिन्यांची भाजी भरतात. वाळवलेली गवार, मेथी, अंबाडी, भोपळ्याचे सांडगे, खारातल्या मिरच्या, लिंबाचं लोणचं. शहरातली माणसं हौसेनं जे करतात ते या बाई गरजेनं करतात, आणि त्यांच्यापेक्षा चांगलं करतात. पुस्तकातल्या जवळजवळ निम्म्या कृती त्यांच्या होत्या. लोणच्याचं मीठ किती, असं विचारल्यावर त्यांनी मुठी दाखवल्या. मॅडमनी एकेक मूठ वजन करून घेतली.

मॅडमनी त्यांना शब्द दिला होता. प्रत्येक कृतीखाली तुमचं नाव येईल, आणि ऊसतोडीच्या टोळीचा ट्रक हलायच्या आत पुस्तक तुमच्या हातात असेल. पारूबाईंना वाचता येत नाही. पण त्या मॅडमना म्हणाल्या होत्या की, हजेरीच्या मस्टरवर अंगठा दिलाय, पण छापील नाव अजून कुठं आलं नाही. हे मॅडमनी मला सांगितलं तेव्हा मी लगेच म्हणालो, मॅडम, नावाची काळजी माझ्यावर सोडा. तीस वर्षांत माझ्या पत्रिकेत फक्त एकदा एका साडूचं नाव राहिलं, आणि तो साडू पूर्ण लग्न मांडवाबाहेर बसून होता.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. छापायच्या आधी कागदावर एक कच्ची प्रत काढून गिऱ्हाइकाला तपासायला देतात. तिला प्रूफ म्हणतात. पत्रिकेचं प्रूफ घरी गेलं की सगळं घर त्यावर तुटून पडतं, पण वाचतात फक्त नावं. कुणाचं वर, कुणाचं खाली, कुणाच्या मागे ‘श्रीमान’ राहिलं. लग्नाची तारीखसुद्धा कुणी वाचत नाही. एकदा माझ्या हातून नवरीचं आडनाव चुकलं होतं, तेही कुणाला दिसलं नाही, कारण त्या घरात दोन आत्यांचा क्रम लागत नव्हता.

पुस्तकाचं प्रूफ वडगावला गेलं आणि हेच झालं. मॅडमनी प्रत्येक कृतीखाली एकच नाव टाकलं होतं. परत आलेल्या कागदावर पेनानं नावं वाढली होती. लिंबाच्या लोणच्याची कृती सहा ओळींची, आणि तिच्याखाली बावीस नावं. प्रत्येकीचं म्हणणं रास्त होतं. लोणचं पारूबाईंचं, पण लिंबाचं झाड दुसरीचं. बरणी तिसरीची. उन्हात ठेवायला माळवद, म्हणजे मातीचं धाबं, चौथीचं. एकीनं तर स्पष्ट लिहिलं होतं की वजनकाट्याची बॅटरी संपली तेव्हा सेल तिनं दिले.

मग गावातले नाना स्वतः प्रेसमध्ये आले. नाना म्हणजे गावचं पुढारपण करणारे गृहस्थ, ऊस-कापूस आहे, माणूस वाईट नाही. त्यांच्या बायकोचं, म्हणजे काकूंचं, नाव यादीत नववं होतं. आमच्या मंडळींचं नाव खाली कावून, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, लोणच्यात काकूंचा भाग काय होता? नाना म्हणाले, “त्यांनी खाऊन पाह्यलं ना. त्यांनी चांगलं म्हणलं, म्हणून तर मॅडमनं लिहून घेतलं.”

माझ्याकडे तीस वर्षांचा अनुभव होता. पत्रिकेत असली भांडणं मी रोज मिटवतो. त्यासाठी निरनिराळे रकाने असतात. प्रमुख उपस्थिती, निमंत्रक, व्यवस्थापक, आणि शेवटी ‘समस्त मंडळी’. कुणालाच आपण खाली आहोत असं वाटत नाही, कारण प्रत्येकजण कुठल्या तरी रकान्यात वर असतो. मी मॅडमना म्हणालो, पुस्तकालाही हेच करू. मॅडमनी चष्मा काढला आणि विचारलं की हे पुस्तक आहे की पत्रिका. पण टोळी निघायला पंधरा दिवस उरले होते, आणि भांडण मिटल्याशिवाय बचत गट पुस्तक पुढं जाऊ देईना. शेवटी त्या तयार झाल्या. एकच अट घातली, पारूबाईंचं नाव गेलं नाही पाहिजे.

गेलं नाही. पण कुठं राहिलं तेही सांगायला पाहिजे. प्रमुख उपस्थितीत काकू आल्या. निमंत्रकांत बाकीचा बचत गट. व्यवस्थापकांत टोळी नेणाऱ्या मुकादमाची आई, कारण धाबं तिचं. आणि पारूबाई बाविसाव्या, समस्त मंडळींच्या जरा वर, बारीक टायपात. त्यांच्याकडून भांडायला प्रेसवर कुणीच आलं नाही, म्हणून मी त्यांना खाली सरकवत गेलो. मला त्याची लाज तेव्हा वाटली नाही, नंतर वाटली.

बाकीची पानं मॅडमनी ओळ न् ओळ तपासली. चौतीस नंबरचं पानही तपासलं. पण ज्या दिवशी प्लेट काढायला बीडला जायचं होतं, त्या सकाळी नानांचा फोन आला. प्लेट म्हणजे पत्र्यावर उमटवलेलं पान. ती झाली की मग फेरबदल नाही. नाना म्हणाले, काकूंची बहीण पुण्याहून आलीय, तिनंही लोणचं चाखलंय. म्हणजे तेवीस नावं. पान फुटलं, म्हणजे मजकूर पानात मावेना. गडबडीत मी एका लग्नपत्रिकेची जुनी फाईल उघडली, कारण तिच्यात नावांचे रकाने तयार होते. देवाचं नाव पुसलं, वधू-वर पुसले, तारीख पुसली, तिथं लोणचं बसवलं आणि फाईल पाठवून दिली. मॅडमना दाखवायला वेळ नव्हता. वार, मुहूर्त, स्थळ आणि आहेर तसेच राहिले.

पुस्तक वेळेत झालं. समाजमंदिरात छोटा कार्यक्रम झाला. पारूबाईंनी पुस्तक दोन्ही हातांत धरलं आणि सुनेला विचारलं, माझं नाव कुठाय. सून बराच वेळ बोट फिरवत राहिली. सापडलं तेव्हा त्या हसल्या. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं नाही.

तर, शोभाचा फोन. मी तिला सांगितलं की मुहूर्ताची ओळ चुकून पडलीय, ती वाचूच नका. ती म्हणाली, चुकून कशी पडंल, छापलंय की. मी म्हणालो, अगं मीच छापलंय, मला ठाऊक. त्यावर ती जे म्हणाली ते धंद्याच्या दृष्टीनं अगदी बरोबर होतं. “तुमी छापनारे हाव भाऊ. सांगनाऱ्या पारूकाकू हायत.”

हळूहळू सगळा गोंधळ माझ्या लक्षात आला. बायकांना वाटलं की मुहूर्त पारूबाईंनी सांगितला. पारूबाईंना वाटलं, मॅडम शिकल्या-सवरलेल्या, त्यांच्या इंग्रजी पुस्तकांतून आणला असेल. आणि गावाला ते पटलंही होतं. लोणचं उन्हाचं, वेळ भर उन्हाची, यात चुकीचं काय? तारीख नव्हती, म्हणून लोकांनी येणारा गुरुवार धरला होता. स्थळ राहत्या घरासमोर. कुणाच्या? तर पहिलं नाव ज्यांचं त्यांच्या, म्हणजे नानांच्या. नानांनी मांडवसुद्धा सांगितला होता. आहेर आणू नये, ही टीप वाचून तर लोकांना फारच बरं वाटलं होतं.

एकच अडचण होती. पारूबाईंचा ट्रक त्याच गुरुवारी सकाळी निघणार होता, आणि बायका म्हणत होत्या की त्यांच्या हाताशिवाय बरणी भरायची नाही.

मी मॅडमना फोन केला. त्यांनीही पान नुकतंच पाहिलं होतं. त्या चिडल्या नाहीत, ते जास्त वाईट. म्हणाल्या, “दत्ताभाऊ, आमच्यात लग्नालासुद्धा मुहूर्त बघत नाहीत. आणि तुम्ही माझ्या लिंबांना लावलात.” मग म्हणाल्या की शुद्धिपत्र छापा. शुद्धिपत्र म्हणजे चूक कबूल करणारी चिठ्ठी, पुस्तकात डकवायची. मी पाचशे छापल्या. ‘पान ३४ वरील मुहूर्त वाचू नये.’ छापून झाल्यावर लक्षात आलं की ही चिठ्ठी वाचून लोक आधी मुहूर्तच वाचतील. पण दुसरं काही सुचत नव्हतं.

गुरुवारी आम्ही दोघं चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन जीपनं वडगावला उतरलो. रस्त्याच्या कडेला ट्रक भरून उभा होता. गाठोडी, पेट्या, घागरी, वर एक बाज. टोळीतली माणसं सावलीला बसली होती आणि मुकादम येरझाऱ्या घालत होता. मी विचारलं, अजून निघाला नाहीत? तो कपाळाला हात लावून म्हणाला, कसा निघू, मायचं नाव छापलंय, ती म्हणती मुहूर्त झाल्याबगर ट्रक हालवायचा न्हाई.

नानांच्या दारात मांडव होता, सतरंज्या होत्या, माईक होता. लिंबांचा ढीग धुऊन फडक्यावर पसरला होता. बरण्या ओळीनं मांडून त्यांना हळदकुंकू लावलं होतं. छापलेल्या तेवीस बायका आपापल्या क्रमानं बसल्या होत्या, आणि पारूबाई शेवटी, विळीशेजारी. मी नानांना चिठ्ठी दाखवली. त्यांनी ती वाचून खिशात घातली आणि म्हणाले की आता मांडव घातलाय, माणसं जमलीत, चिठ्ठीचं मागनं बघू.

बारा पस्तीस झाले. शोभानं माईक घेतला आणि पान चौतीस वाचायला सुरुवात केली. एक ओळ वाचायची, बायकांनी तेवढं करायचं. लिंबं कोरडी करावीत. केली. एकेका लिंबाच्या आठ फोडी कराव्यात. विळ्या चालू झाल्या, सगळ्या मांडवात लिंबाचा आंबट वास सुटला. तिखट, हळद, मेथीची पूड लावावी. लावली. बरणीत भरून, तोंड फडक्यानं बांधून, बारा दिवस उन्हात ठेवावी. बायका फडकी घ्यायला लागल्या.

“आन् मीठ?” पारूबाई म्हणाल्या.

शोभानं खाली पाहिलं. मग पान उलटलं. पुढच्या पानावर आवळा होता. ती म्हणाली, मीठ न्हाई लिवलेलं, काकू.

“न्हाई कसं? मॅडमनं माझ्या मुठी तोलल्यात.”

सगळ्यांनी मॅडमकडे पाहिलं आणि मॅडमनी माझ्याकडे. मी शोभाच्या हातातून पुस्तक घेतलं. कृतीची शेवटची ओळ मॅडमनी मुद्दाम वेगळी लिहिली होती, मीठ आणि त्याचं वजन. ती नव्हती. तेव्हा मला ती सकाळ आठवली. कॉम्प्युटरवर मजकूर एका चौकटीत बसवतात. चौकट लहान केली की जास्तीचा मजकूर पुसला जात नाही, तो चौकटीत दडून बसतो आणि दिसत नाही. काकूंच्या बहिणीला जागा करायला मी लोणच्याची चौकट एका ओळीनं लहान केली होती. गेली ती मिठाची ओळ.

मी माईकवर जाऊन सांगितलं की चूक माझी आहे. पाचशे पुस्तकं, त्यातली अर्धी तरी बाहेरगावी गेलेली. मिठाशिवाय लिंबाचं लोणचं म्हणजे आठवड्यात बुरशी. कुणी चाखून पाहिलं असतं तर पोट बिघडलं असतं ते वेगळंच. मॅडमची दोन वर्षांची मेहनत आणि रॅकवरची सगळी हौस एका ओळीत नासली असती, आणि पारूबाईंचं नाव छापून आलं असतं ते नासक्या लोणच्याखाली.

कुणी ओरडलं नाही. एकमेकींकडे बघून बायका हळूहळू एक गोष्ट कबूल करत होत्या. पुस्तक हातात येऊन आठ दिवस झाले होते, पान चौतीस प्रत्येकीनं दहादा उघडलं होतं, आणि वरच्या पाच ओळी एकीनंही वाचल्या नव्हत्या.

नाना माईकवर नाही, साध्या आवाजात म्हणाले, “म्हंजे ट्रक सकाळी गेला असता, तर आपून समद्यांनी मुहूर्तावर लिंबं सडवली असती.”

पारूबाईंना या चर्चेत रस नव्हता. त्यांनी मीठ आणायला सांगितलं. खडेमिठाचं पोतं आलं. मग त्या पहिल्या क्रमांकापासून सुरू झाल्या, काकूंच्या बरणीपासून, आणि तेवीस बरण्यांत मुठी घालत गेल्या. प्रत्येक बाई आपली बरणी पुढे करून थांबत होती. मॅडमनी पर्समधून वजनकाटा काढला आणि परत ठेवून दिला. दोन वाजता पारूबाई आपली बरणी पोत्यात गुंडाळून ट्रकमध्ये चढल्या. चढताना मी त्यांना म्हणालो, पारूबाई, माफ करा. त्या म्हणाल्या, “मीठ पडलं न्हवं आता. मग झालं.”

आता नवी चिठ्ठी छापायची होती. खाली कुणाची नावं टाकायची, असं मी मांडवातच विचारून घेतलं. या बाबतीत मला पुन्हा धोका पत्करायचा नव्हता. काकू दुसरीकडे बघायला लागल्या. शोभा म्हणाली, चुकीच्या चिठ्ठीवर माझं कशाला. नाना म्हणाले की बायामाणसांची नावं असल्या कागदावर बरी दिसत नाहीत. एकेक करत तेवीसपैकी बावीस नावं आपणहून गळाली. तेव्हा मॅडम पहिल्यांदा हसल्या. त्यांनी मला तिथंच मजकूर सांगितला, आणि या वेळी मी तो हातानं लिहून घेतला. ‘शंभर लिंबांना एक किलो खडेमीठ. हात आखडू नये. सांगणारी : पारूबाई.’ टाइप मोठा घ्या, असंही बजावलं.

मुहूर्ताचं काय, ते मी विचारलं. त्या म्हणाल्या, राहू द्या. दोन चुका सांगितल्या तर लोक एकच वाचतील, आणि ती मिठाची नसेल.

चिठ्ठी छापून झाल्यावर नवा प्रश्न आला. पान चौतीस गच्च भरलेलं, चिठ्ठी डकवायला रिकामी जागाच नाही, आणि मुहूर्ताच्या तीन ओळींवर मोठ्या टायपाची चिठ्ठी मावेना. जागा मॅडमनी दाखवली, आणि आम्ही दोघांनी हाताशी असलेल्या प्रतींत खळ लावून चिठ्ठ्या त्या ठिकाणी डकवल्या. ज्या प्रती बाहेर गेल्या होत्या त्यांच्या मालकांना चिठ्ठी पाठवली आणि जागा कळवली. पंधरा-वीस दिवसांनी नानांचा फोन आला. म्हणाले, भाऊ, चिठ्ठीखाली आमच्या मंडळींचं नाव झाकलं गेलंय. मी म्हणालो, नाना, एवढी मोठी चिठ्ठी मावेल अशा पानावर दोनच गोष्टी आहेत, नावं आणि कृती. कृती झाकू का? ते म्हणाले, नको, लोणचं लई चांगलं लागलंय.

लग्नपत्रिका मी अजून छापतो. फक्त प्रूफ तपासायची पद्धत बदलली आहे. आधी नावांवर एक कोरा कागद ठेवतो आणि उरलेलं वाचतो. तेवढं वाचायला फार तर दोन मिनिटं लागतात, आणि तीस वर्षांत ती दोन मिनिटं मी कधीच काढली नव्हती.